उन्हाळी नव्हती ती

हर्णै बंदर. जून संपत आलाय. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत मासेमारीला बंदी, म्हणून होड्या वर ओढून ताडपत्रीखाली शाकारलेल्या. त्यातल्या निळ्या होडीचे हे तांडेल. जाळं शिवत बसलेत.

एप्रिलमध्ये त्यांना लाल लघवी झाली. कळ नाही, जळजळ नाही. घरचे म्हणाले, उन्हाळी लागली. कोकम सरबत झालं, धन्याचं पाणी झालं, आणि दोन दिवसांत लघवी निवळलीसुद्धा. गुण आला म्हणायचं! पण असं रक्त पुष्कळदा आपलं आपणच थांबतं. मूत्रपिंडात कर्करोगाची गाठ असली, तर ती तिथेच राहते. मुतखडा माणसाला लोळवतो, ही मात्र बराच काळ गप्प असते.

होडी वर आली, हाताला सवड झाली, तेव्हा दापोलीत सोनोग्राफी. हा तो पडदा. हे डावं मूत्रपिंड, मुठीएवढं. त्याच्या कडेला फुगलेला हा गोळा, ३.८ सेंटिमीटरचा. मूत्रपिंडं पाठीकडे, खालच्या बरगड्यांच्या आड असतात. पोट चाचपून एवढी गाठ हाती लागत नाही.

दोन्ही मूत्रपिंडं मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात. लघवी होते जेमतेम दीड लिटर. बाकीचं बारीक नळ्या परत शोषून घेतात, आणि मोठ्यांमधला मूत्रपिंडाचा कर्करोग बहुतेक वेळा त्या नळ्यांच्या अस्तरातच उगवतो.

आता अशी गाठ सूक्ष्मदर्शकातून पाहा. या फिकट पेशी पोकळ वाटतात, पण तशा नाहीत. त्यांच्यातली चरबी आणि ग्लायकोजेन (साठवलेली साखर) काचपट्टी तयार करतानाच धुऊन गेलंय. भोवती जाळ्याच्या विणीसारख्या रक्तवाहिन्या. व्हीएचएल हे जनुक बिघडलं, की प्राणवायू पुरेसा असूनही पेशी तो कमी पडल्यासारखी वागते आणि नव्या रक्तवाहिन्या मागवत सुटते. पेशीला प्राणवायूची चाहूल कशी लागते, हे उलगडणाऱ्या तिघांना २०१९ चं नोबेल मिळालं.

बिडी, वाढलेलं वजन, उच्च रक्तदाब यांनी धोका वाढतो. तांडेलांची बिडी जुनी. बीपीची गोळी मात्र होडीवर कधी गेलीच नाही.

गाठ लहान होती. मुंबईत तेवढीच कापून काढली, मूत्रपिंड राखलं. पाटल्या मोडाव्या लागल्या.

नारळी पौर्णिमा. निळी होडी पाण्यात. सुकाणूवर थोरला मुलगा.

काठावरून दोर सोडतायत ते तांडेल.

(निवेदन थांबतं. इंजिनाचा आवाज.)