दोनशे एकोणनव्वद दिवस

(दृश्य : बंद शिलाई मशीन, शेजारी कागदांचा गठ्ठा)

१९८३. पेरूची राजधानी लिमा. अर्थतज्ज्ञ एर्नान्दो दे सोतो यांच्या संस्थेनं एक छोटा शिवणकारखाना रीतसर नोंदवून बघायचं ठरवलं. ओळखपाळख वापरायची नाही, आणि अगदीच गाडं अडल्याशिवाय लाच द्यायची नाही. लाच मागितली गेली दहा वेळा. दोनदा द्यावीच लागली. सगळे परवाने हातात पडेपर्यंत गेले २८९ दिवस.

सरकारी कारभाराला कोण कंटाळलेलं नव्हतं? पण नुसत्या तक्रारीला 'बघू' म्हणून वाटेला लावता येतं. २८९ म्हटलं की समोरच्याला कागद काढावे लागतात.

दे सोतोंच्या संस्थेला सुरुवातीच्या काळात हातभार लावणाऱ्यांत 'सेंटर फॉर इंटरनॅशनल प्रायव्हेट एंटरप्राइज' होतं. अमेरिकन चेंबर ऑफ कॉमर्सशी संलग्न, स्थापना त्याच १९८३ची. पैसा बराचसा अमेरिकी सरकारकडून आलेला. त्यामुळे 'यामागे परका हात आहे' असं कुणी म्हटलं, तर अशी मदत घेणाऱ्या व्यापारी संघटनेला त्याचं उत्तर तयार ठेवावं लागतं.

(दृश्य : लांब टेबल, माणसं, मध्येच एक रिकामी खुर्ची)

सरकारी नियम बदलून घ्यायला व्यापारी संघटनांना मिळणारी ही मदत काय असते? सभासदांना विचारून अडचणी मोजायच्या. नेमकं कोणतं कलम नडतंय, त्याचा खर्च किती, ते कोणत्या खात्याच्या हातात आहे, हे शोधायचं. मग बदललेलं कलम स्वतःच लिहून द्यायचं. हे शिकवता येतं.

अवघड जागा वेगळीच आहे. ती मंत्रालयात नाही, संघटनेच्या आत आहे. एकाच धंद्यातली माणसं एकत्र जमली की बोलणं बहुधा जनतेविरुद्धच्या कटावर येऊन ठेपतं, असं अर्थशास्त्रज्ञ अ‍ॅडम स्मिथनं १७७६मध्येच लिहून ठेवलं. बड्या सभासदाला आयात बंद हवी असते, करात सूट हवी असते. छोट्याला परवाना वेळेत हवा असतो. वर्गणी कुणाची मोठी, हे सांगायला नको. शिवाय नियम सुधारला तर वर्गणी न भरणाऱ्यालाही फायदा मिळतो. सूट मात्र आपल्यापुरती राखता येते.

(दृश्य : संघटनेच्या सचिवाचं टेबल, संध्याकाळ)

टेबलावर दोन निवेदनं आहेत. एकात सभासदांसाठी करमाफी मागितली आहे. दुसऱ्यात, परवाना ठरावीक मुदतीत मिळावा, सगळ्यांनाच.

दुसऱ्यावर सह्या कमी आहेत.