पेजेचं पातेलं आणि पृथ्वीचा गाभा

(अलिबाग येथे दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

मंडळी, आपल्या गावातली चुंबकीय वेधशाळा तुम्ही जातायेता पाहता. ती इथे का आली, ते आधी सांगतो. पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी १८४१ पासून मुंबईत कुलाब्याला घेतल्या जात. पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार असं ठरलं. ट्रामची वीज रुळांतून जमिनीत झिरपते आणि मापनाच्या नाजूक सुया बिथरतात. म्हणून १९०४ मध्ये हे काम अलिबागला आणलं. जुन्या आणि नव्या आकड्यांचा सांधा तुटू नये म्हणून १९०६ पर्यंत दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या. त्या माणसांच्या या काळजीपुढे मी नतमस्तक आहे.

लोखंडी रुळांतल्या विजेपासून दूर जायला म्हणून ही वेधशाळा इथे आली. आणि ती मोजते काय? तर आपल्या पायाखाली २,८९० किलोमीटरवर, पृथ्वीच्या गाभ्यातल्या वितळलेल्या लोखंडात खेळणारी वीज!

गाभा म्हणजे साधा लोहचुंबक नव्हे. लोखंड ७७० अंशांच्या वर तापलं की चुंबकपणा सोडतं, आणि गाभ्याच्या वरच्या काठालाच सुमारे ४,००० अंश तापमान आहे. तिथलं पातळ लोखंड सतत घुसळत राहतं, त्यातून वीज उपजते, आणि त्या विजेतून चुंबकक्षेत्र. तांडेलाच्या होकायंत्रातली सुई त्यालाच मान देते.

आता मुद्दा असा की तिथे लोखंड वीज वाहतं कसं? धातू तापला की त्याचे अणू थरथरतात, इलेक्ट्रॉनांची वाट अडते, विरोध वाढतो. पण तिथे दाबही आहे, वातावरणाच्या १३ लाख पटींहून जास्त. अणू इतके दाटीने बसतात की त्यांची थरथर आखडते. शिवाय इलेक्ट्रॉनाच्या दोन धडकांमधलं अंतर दोन अणूंमधल्या अंतरापेक्षा कमी होणार कुठून? म्हणून विरोध वाढत वाढत एका पातळीला जाऊन टेकतो. थोडक्यात, इतक्या उष्णतेत वाटेल त्यापेक्षा लोखंड वीज चांगली वाहतं.

मग बरंच झालं की, असं तुम्ही म्हणाल. पण खरी अडचण इथेच सुरू होते. वीज वाहणारे इलेक्ट्रॉनच उष्णताही वाहतात. हे नातं वीडेमान आणि फ्रान्झ या जर्मन शास्त्रज्ञांनी १८५३ मध्ये दाखवलं. चुलीवर पेज रटरटते ती खालची ऊब वर यायला धडपडते म्हणून. त्यात पितळी पळी उभी ठेवा, दांडा हाताला चटका देतो. अशा शंभर पळ्या ठेवल्या तर बरीचशी ऊब दांड्यांतूनच निसटेल आणि पेज रटरटायची थांबेल. लोखंड उष्णतेचं उत्तम वाहक असेल, तर गाभ्याचंही तसंच होईल.

२०१२ मधल्या गणितांनी ही वाहकता जुन्या अंदाजाच्या दुप्पट-तिप्पट सांगितली. पातळ लोखंडाच्या आत, मधोमध, गोठून घन झालेला गाभा आहे; तो गोठत वाढतो तेव्हाच आज वरचं लोखंड घुसळतं. वाहकता एवढी असेल तर गाभा भराभर निवतो, आणि हा आतला घन गाभा शंभर कोटी वर्षांहून तरुण ठरतो. आणि खडकांच्या साक्षीनुसार चुंबकक्षेत्र ३४० कोटी वर्षांपूर्वीही होतं! घन गाभा नसताना लोखंड घुसळलं कोणी?

२०१६ मध्ये दोन गटांनी हिऱ्यांच्या टोकांत केसाहून पातळ लोखंड चिरडून, लेसरने तापवून पाहिलं. एकाने विजेचा विरोध मोजला आणि वीज-उष्णतेच्या त्या नात्यावरून गाभ्याची उष्णतावाहकता काढली: निदान ९० वॅट प्रति मीटर प्रति केल्विन. दुसऱ्याने उष्णतेचा स्पंद कसा पसरतो ते थेट मोजलं: १८ ते ४४. दोन्ही निबंध एकाच नियतकालिकाच्या एकाच अंकात आले. मला यातला नाजूक दुवा वाटतो तो १८५३ च्या नात्याचा. गाभ्यात इलेक्ट्रॉन एकमेकांवरही आदळतात. त्याने उष्णतेची वाहतूक विजेपेक्षा जास्त मंदावते.

जास्तीचा आकडा खरा निघाला तरी एक तोड सुचवलेली आहे. गरम पाकात विरघळलेली साखर पाक निवला की खडे धरते, तसं कोवळ्या, धगधगत्या गाभ्यात विरघळलेलं मॅग्नेशियम निवताना ऑक्साइड होऊन बाहेर पडलं असावं. फरक एवढाच, साखर तळाला बसते आणि हे हलकं म्हणून वर चढतं. मागे उरलेलं लोखंड जड होऊन खाली बुडतं, आणि घन गाभा जन्मायच्या आधीच घुसळण सुरू होते.