ऑफिस माडीवर, क्लायंट अंधेरीत

(वेंगुर्ले तालुका. सकाळ. चिऱ्याचं घर, मागे सुपारीची बाग. माडीवर लॅपटॉप, पडद्यावर मालिकेतला एक प्रसंग, त्याखाली आवाजाची वरखाली होणारी रेषा.)

मालिकेतली सासू म्हणते, "या घरात पुन्हा पाऊल टाकू नकोस." जेमतेम दोन सेकंदांचं वाक्य. ते इंग्रजीत पडद्याखाली यायचं आहे. जास्तीत जास्त दोन ओळी, एका ओळीत ४२ अक्षरं, आणि सासूचं तोंड उघडेल त्याच फ्रेमला. एका सेकंदात अशा २५ फ्रेम. माडीवर बसलेली ही मुलगी तुकडा ऐकते, ओळीची सुरुवात तीन फ्रेम मागे घेते, परत ऐकते. खाली पडवीत तिची आई बांगड्यांच्या वाट्यावरून मासेवालीशी हुज्जत घालतेय. कानांवर हेडफोन असल्यामुळे तो संवाद काही माडीपर्यंत पोचत नाही.

सबटायटलचे पैसे मिळतात ते व्हिडिओच्या मिनिटाला. तुम्हाला तास किती लागले, हे कोणी विचारत नाही. म्हणजे हात बसेपर्यंत कमाई जवळपास नाहीच. हिचा हात अंधेरीत बसला, एका पोस्ट-प्रॉडक्शन ऑफिसात. २०१६ च्या जानेवारीत नेटफ्लिक्स भारतात आलं, त्याच वर्षी डिसेंबरात प्राइम व्हिडिओ, आणि जी कामं पूर्वी मोजक्याच सिनेमांना लागायची ती घाऊक निघायला लागली. २०२० च्या टाळेबंदीत ती गावी आली. ऑफिस उघडलं तेव्हा तिने परत न जाता तेच काम कंत्राटावर मागून घेतलं.

(जुनं एसटी स्थानक. मुंबईची गाडी. टपावर फणस चढवले जातायत.)

बाहेरून येणारा पैसा कोकणाला नवा नाही. गिरणीत, गोदीत, बोटीवर, आखातात माणूस जायचा आणि घर त्याच्या पैशावर चालायचं. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला, तेव्हा इथल्या वाड्यावाड्यांमधल्या चुलींना त्याची झळ लागली. २६ जानेवारी १९९८ ला कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावायला लागली. प्रवास सोपा झाला, पण कमावता माणूस त्याच दिशेने जात राहिला. चाकरमानी गणपतीला आणि शिमग्याला येणार, आणि रिटर्न तिकीट आधीच काढलेलं असणार.

आता पैसा येतो आणि माणूस घरीच असतो, हे मात्र नवीन आहे. शेजारच्या काकींना ते अजून पटलेलं नाही.

"चेडू घराक इला ता इलाच. नोकरी सुटली काय गो तिची?"

"सुटाक नाय. हयसूनच करता."

हयसूनच करता, म्हणजे इथूनच करते, हे म्हणायला सोपं आहे. नोकरीत असताना वीज कोण बघतं, नेट कोण बघतं, बिल कोण लावतं, थकलेले पैसे कोण मागतं, याचा आपल्याला पत्ताही नसतो. गावात स्वतःचं काम सुरू केलं की ही सगळी खाती एकाच टेबलावर येऊन बसतात. मूळ काम उरलेल्या वेळात.

(माडीच्या जिन्याखाली इन्व्हर्टर. भिंतीवर खडूने लिहिलेली बॅटरीत पाणी घातल्याची तारीख.)

सुरुवात विजेपासून करायला हवी, कारण कोकणात पहिल्या पावसाबरोबर तीच जाते. आंब्याची एक फांदी तारेवर पडली की सगळी वाडी अंधारात. वायरमन बिचारा एक आणि फांद्या शंभर. इन्व्हर्टर घ्या, हे कोणीही सांगेल. पण किती वेळ पुरेल, याचा हिशेब फार थोडे लोक करतात. हिची बॅटरी १२ व्होल्ट, १५० अँपिअर-अवर. गुणाकार केला तर १८०० वॅट-तास. बॅटरी तळापर्यंत ओढायची नसते, इन्व्हर्टरही थोडं खातो, म्हणून हाती हजार-बाराशे धरायचे. लॅपटॉप ६० वॅट, राऊटर १०-१२, कमी वीज खाणारा पंखा ३०. शंभरच्या आसपास. म्हणजे दहाएक तास निघतात. त्याच बॅटरीवर मोठा मॉनिटर आणि ग्राफिक कार्डवाला डेस्कटॉप लावला तर चार तासांत घर शांत. इन्व्हर्टर घेतला त्या दिवशी बाबांनी त्यावर फ्रिजही जोडला होता. तो कसा काढायला लावला, हा वेगळा माहितीपट होईल.

इंटरनेटचं दुखणं आणखी चिवट. चिऱ्याच्या जाड भिंती उन्हाळ्यात गारवा देतात आणि बारा महिने रेंज खातात, म्हणून टेबल खिडकीला लावलेलं. फायबर आहे, पण ते विजेच्याच खांबांवरून येतं. खांब आडवा झाला की दोन्ही एकदम. मग मोबाइल. दोन कंपन्यांची दोन सिम ठेवा, असं सगळे सांगतात. हिनेही ठेवली होती. दोन्ही एकाच वेळी बंद पडली तेव्हा कळलं, दोन्ही कंपन्यांचे अँटेना टेकडीवरच्या एकाच मनोऱ्यावर आहेत आणि मनोऱ्याच्या बॅटऱ्याही संपल्यात. तेव्हा दुसरं सिम घेण्याआधी त्याचा मनोरा कुठे आहे ते विचारा. दुकानदाराला ठाऊक नसतं, वायरमनला असतं.

यावरूनच गावात कुठलं काम टिकतं, हेही ठरतं. अख्ख्या भागाची सबटायटलची फाईल काही केबींची असते, ती मोबाइलच्या मरणासन्न रेंजवरसुद्धा जाते. ज्या व्हिडिओवरून काम करायचं तो हलका करून पाठवतात, तो रात्री उतरवून ठेवायचा. इमारतीचा नकाशा काही एमबी. व्हिडिओ एडिटिंग म्हटलं की मात्र शंभर-दोनशे जीबी, आणि ते इथून वर चढवायचे म्हणजे सत्यनारायण घालूनच बसावं लागेल. तरी एडिटिंग करणारेही आहेत. ते मूळ फुटेजच्या हलक्या प्रती, ज्यांना प्रॉक्सी म्हणतात, त्यांवर कापाकापी करतात आणि फक्त प्रोजेक्ट फाईल मुंबईला पाठवतात. खरं फुटेज तिथल्या मशीनवर जोडलं जातं. हार्ड डिस्क अजूनही कुरियरने, नाहीतर ओळखीच्या ट्रॅव्हल्सच्या ड्रायव्हरबरोबर प्रवास करते.

समुद्रकिनाऱ्यावर वाळूत बसून लॅपटॉप उघडलेले फोटो तुम्ही बघितले असतील. उन्हात स्क्रीन दिसत नाही, आणि खाऱ्या हवेने चार्जिंगची पिन हिरवी पडते. ते फोटो होमस्टेच्या जाहिरातीचे. इथे काम करणारा माणूस समुद्राकडे पाठ करून, पंख्याखाली बसलेला असतो.

(दापोली. पावसाळी दुपार. एक तरुण दोन पडद्यांसमोर. एकावर जिन्याचा छेद, दुसऱ्यावर व्हिडिओ कॉल.)

दापोलीचा हा ड्राफ्ट्समन दुबईतल्या आर्किटेक्टसाठी नकाशे काढतो. काम मिळालं ते कुठल्या वेबसाईटवरून नव्हे. हर्णै, दापोली, खेड या पट्ट्यात माणूस आखातात नाही असं मोहल्ल्यातलं घर शोधावं लागेल. शेजारचे चाचा दुबईत साईट सुपरवायझर. त्यांनी एकदा मोजमापांचा एक कागद फोनवर पाठवला, "बेटा, जरा साफ करून देतोस का?" तिथून सुरुवात. दुबई आपल्यापेक्षा फक्त दीड तास मागे. २०२२ पासून तिथली सुट्टीही शनिवार-रविवारची झाली, त्यामुळे शुक्रवारचा घोळ संपला. लंडनचं काम असतं तर हिवाळ्यात साडेपाच तासांचा फरक, उन्हाळ्यात साडेचार. न्यूयॉर्कचं असतं तर साडेनऊ-साडेदहा, म्हणजे वटवाघळाचं आयुष्य. त्याने अमेरिकेची कामं करून बघितली आणि आईच्या बोलण्यांना कंटाळून सोडली.

क्लायंट कुठून मिळतात, हा प्रश्न आम्ही भेटेल त्याला विचारला. उत्तरं जवळपास सारखीच. जुनं ऑफिस, जुना साहेब, कॉलेजचा मित्र, परदेशातला शेजारी. फ्रीलान्सिंगच्या मोठ्या वेबसाईटवर नाव घालून पहिलं काम मिळवणारे आहेत, पण तिथे जगभरची माणसं एकाच रांगेत उभी असतात आणि वेबसाईट प्रत्येक बिलातून आपला कट कापते. आमचं मत विचाराल, तर पदवी हातात पडल्या पडल्या गावात बसून हे सुरू करू नये. दोन-चार वर्षं मुंबई-पुण्यात कुणाच्या तरी हाताखाली काढावीत. काम तर शिकता येतंच, शिवाय आपलं नाव लक्षात ठेवणारी चार माणसं मिळतात. गावात खर्च कमी, म्हणून दर कमी लावू, हा विचारही महागात पडतो. स्वस्त म्हणून आलेला क्लायंट त्याहून स्वस्त मिळाला की जातो.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर चढलं. दापोली-मंडणगडच्या बागा झोपल्या, घरांची कौलं, पत्रे उडाले, आणि कित्येक गावांत वीज यायला आठवडे लागले. इन्व्हर्टरचं गणित अशा वेळी कामाचं नाही. ड्राफ्ट्समनने आधी छपरावर ताडपत्री टाकली, मग कॉम्प्युटर गोधडीत गुंडाळून टेम्पोतून पुणं गाठलं, मावसभावाकडे. टाळेबंदीतले पास, तपासणीनाके, सगळं पार करत. पुढच्या वर्षी मे महिन्यात तौक्ते आलं आणि २२ जुलैला चिपळूण पाण्याखाली गेलं. तेव्हापासून त्याचा नियम असा: आगोटीची, म्हणजे पावसाळ्याआधीची, खरेदी होते त्याच आठवड्यात क्लायंटला मेल जातो. जून-जुलैत प्रत्येक कामाला दोन दिवस जास्तीचे धरा, आणि संपर्क तुटला तर पुण्याच्या या नंबरवर फोन करा. एकाही क्लायंटने त्यावरून काम काढून घेतलेलं नाही. न सांगता गायब होणारा माणूस त्यांना नको असतो.

(परत वेंगुर्ले. टेबलावर बिलांची फाईल.)

आता पैसे. भारतातली कंपनी व्यावसायिक सेवेच्या बिलातून साधारणपणे १० टक्के टीडीएस, म्हणजे आगाऊ कर, कापते. नवख्या माणसाला ते गेले असं वाटतं. ते तुमच्या पॅनवर जमा असतात. कर तेवढा बसत नसेल तर रिटर्न भरून परत मिळतात. वर्षाची सेवा २० लाखांच्या आत असेल तर जीएसटी नोंदणीची सक्ती नाही. वास्तुरचना, अभियांत्रिकी, लेखाकर्म अशा ठरावीक व्यवसायांना निम्मी जमा हेच उत्पन्न धरून कर भरायची सोय आहे. आपलं काम त्यात बसतं का, ते सीएला विचारूनच ठरवायचं. परदेशातून पैसे आले की बँक कशाबद्दल आले त्याचा कोड विचारते. तो पहिल्यांदाच नीट विचारून घेतला की पुढे त्रास नाही.

खरा त्रास वसुलीचा. मुंबईतल्या एका कंपनीने हिचे सहा महिन्यांचे पैसे थकवले. फोन केला की "अकाउंट्समध्ये आहे". आधी ती अंधेरीतच होती, खाली जाऊन टेबलासमोर उभं राहता यायचं. वेंगुर्ल्याहून कशी उभी राहणार? मग कोणीतरी उद्यम नोंदणी सांगितली, छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी. फुकट, ऑनलाइन, आधार आणि पॅनवर होते. सूक्ष्म-लघु उद्योगांच्या २००६ च्या कायद्याप्रमाणे अशा नोंदणीकृत उद्योगाचे पैसे लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. करारच नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, तेही चक्रवाढ व्याज. तक्रारीला सरकारी ऑनलाइन पोर्टल आहे. आणि २०२३-२४ या वर्षापासून मुदतीत न दिलेली अशी रक्कम कंपनीला त्या वर्षाच्या खर्चात दाखवता येत नाही. ज्या वर्षी देतील, त्याच वर्षी.

तिने तक्रार केली नाही. तक्रार केली की क्लायंट तुटतो, हे तिला कळतं. तिने फक्त बिलाच्या डोक्यावर उद्यम क्रमांक छापला आणि खाली एक ओळ, ४५ दिवसांची. मार्च आला, आणि जे अकाउंट्स खातं फोन उचलत नव्हतं त्याचाच तिला फोन आला.

तरीही महिन्याची ठरलेली तारीख अशी नाहीच. एखाद्या महिन्यात तीन बिलं एकदम, मग दोन महिने कोरडे. म्हणून एक खातं वेगळं ठेवलंय. घरखर्चाचे तीन महिने त्यात पडून असतात, काही झालं तरी हात लावायचा नाही. घरदुरुस्तीच्या कर्जासाठी बँकेत गेली तेव्हा पगाराची स्लिप मागितली. स्लिप नाही म्हटल्यावर साहेबांनी काकींसारखंच बघितलं. तीन वर्षांची रिटर्न टेबलावर ठेवल्यावर बसायला खुर्ची मिळाली.

(माडीवर आता दुसरं टेबल. एक विशीतली मुलगी लॅपटॉप उघडतेय.)

काम वाढलंय. कुडाळची ही मुलगी उद्यापासून येणार. पहिले काही महिने फक्त वेळा लावायच्या: ओळ कुठल्या फ्रेमला सुरू, कुठल्या फ्रेमला बंद. भाषांतर नंतर. मिनिटावर पैसे द्यायचे की महिन्यावर, यावर घरात दोन दिवस चर्चा झाली. मिनिटावर दिले तर शिकेपर्यंत पोरीच्या हाती काही लागणार नाही, म्हणून महिन्यावर ठरलं.

मुलगी जिना उतरता उतरता थांबते.

"ताई, पगार किती तारखेक?"

"पाच तारखेक."

"आणि क्लायंटान पैशे देवक नाय तर?"

"तरी पाच तारखेक."

रात्री त्या वेगळ्या खात्याचा हिशेब पुन्हा मांडला गेला. तीन महिने, आता दोन माणसांचे.