सान्याच्या मंचावरची नाशिकची मुलगी

[दृश्य: पंचवटीतली सकाळ. तिथून कॅमेरा कॉलेज रोडच्या गर्दीत.]

2004 चा डिसेंबर. चीनमधलं सान्या हे समुद्रकाठचं शहर. मिस वर्ल्डच्या मंचावर शंभराहून जास्त देशांच्या मुली उभ्या आहेत, आणि त्यांच्यात ‘इंडिया’ लिहिलेला सॅश लावून उभी आहे नाशिकची सायली भगत. मुकुट त्या वर्षी पेरूच्या मारिया हुलिया मान्तियाला मिळाला. पण या स्पर्धांचं नाव निघालं की मुंबई, दिल्ली, बंगळूर एवढंच डोळ्यांसमोर यायचं, त्या यादीत त्या दिवशी नाशिक जाऊन बसलं. आज गंगापूर रोडवर, कॉलेज रोडवर ज्या मुली हील्सची पिशवी घेऊन अशा स्पर्धांच्या तयारीच्या क्लासला जातात, त्यांच्यातल्या काहींचा तेव्हा जन्मही झाला नव्हता. तरी त्यांच्या घरी हे नाव माहीत आहे.

ही स्पर्धा सुरू झाली लंडनला, 1951 मध्ये. फेस्टिव्हल ऑफ ब्रिटनच्या निमित्ताने एरिक मॉर्ले यांनी बिकिनीतल्या मुलींची स्पर्धा भरवली आणि स्वीडनची किकी हॉकान्सन ती जिंकली. वर्षभरात अमेरिकेत लाँग बीचला मिस युनिव्हर्स सुरू झाली. त्या पहिल्याच मिस युनिव्हर्समध्ये भारताकडून गेल्या होत्या नृत्यांगना इंद्राणी रहमान. त्या विवाहित होत्या, आई होत्या. पुढे कित्येक दशकं याच स्पर्धेने लग्न झालेल्या बायकांना आणि आयांना दार बंद ठेवलं. ते पुन्हा उघडलं 2023 मध्ये. सत्तर वर्षांपूर्वी जे चालत होतं, तिथवर परत यायला एवढा काळ का लागावा?

[दृश्य: जुन्या कृष्णधवल चित्रांची मालिका.]

1966. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात डॉक्टरकी शिकणारी रीटा फारिया लंडनला जाते. अंगावरची साडी मैत्रिणीकडून मागून आणलेली, स्विमसूटही उसना. आणि ती जिंकते. मिस वर्ल्ड होणारी आशियातली पहिली स्त्री. सिनेमाचे दरवाजे उघडे होते. तिने मिस वर्ल्डची मुदत पूर्ण केली, लंडनला जाऊन वैद्यकीय शिक्षण पुढे चालू ठेवलं आणि आयुष्यभर डॉक्टर म्हणून काम केलं. नाशिकमधली एखादी मुलगी घरी म्हणते, ‘मला स्पर्धेत उतरायचंय’, तेव्हा पहिला प्रश्न येतो तो शिक्षणाचं काय होणार याचा. त्या घरात रीटा फारियाची गोष्ट सांगितली पाहिजे. आईला आधी, मुलीला नंतर.

चार वर्षांनी, 1970 मध्ये, लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये जे घडलं त्यापाशी मात्र थोडं थांबायला हवं. स्पर्धा टीव्हीवर थेट चालली होती. विनोदी नट बॉब होप मंचावर बोलत होते. अचानक प्रेक्षागारातल्या बायका उठल्या. खुळखुळे वाजले, पत्रकं उडाली, पिठाच्या पुड्या मंचाच्या दिशेने भिरकावल्या गेल्या. बायकांचं असं मोजमाप करणं थांबवा, हे त्यांचं म्हणणं. आणि त्याच रात्री, त्याच मंचावर, ग्रेनडाची जेनिफर हॉस्टन मिस वर्ल्ड झाली. हा मान मिळवणारी पहिली कृष्णवर्णी स्त्री. दुसरी आली दक्षिण आफ्रिकेची पर्ल जॅन्सन. वर्णभेदाच्या त्या काळात त्या देशाने गोरी स्पर्धक वेगळी पाठवली होती, आणि पर्लच्या सॅशवर देशाचं नाव उलटं करून लिहिलं होतं: ‘आफ्रिका साउथ’.

पीठ फेकणाऱ्या बायकांचा राग खरा होता. जेनिफर आणि पर्लचं यशही खरं होतं. मला निदर्शनं करणाऱ्यांची आणि स्पर्धेत उतरणाऱ्यांची, दोन्हींची बाजू घ्यावीशी वाटते, आणि ती घेताना अडचण वाटत नाही. स्पर्धा भरवणारे आणि स्पर्धेत उतरणाऱ्या मुली यांना एकाच मापाने मोजलं की सगळा घोळ होतो.

बंगळूरला 1996 मध्ये मिस वर्ल्ड भरली तेव्हाही मोठी निदर्शनं झाली. स्विमसूटची फेरी सेशेल्सला हलवावी लागली. अलीकडे, 2025 मध्ये, हैदराबादच्या स्पर्धेतून मिस इंग्लंड मिला मॅगी अर्ध्यातूनच परत गेली. प्रायोजकांच्या पाहुण्यांची करमणूक करायला बसवल्यासारखं वाटलं, असं तिने सांगितलं. आयोजकांनी आरोप फेटाळले. तिच्या जाण्याची बातमी आपल्या क्लासमधल्या मुलींनी मोबाइलवर वाचली होती. हे बोलायला हवं, क्लासमध्येच बोलायला हवं. मंच सोडून यायचं धाडस हाही तयारीचा भाग आहे.

[दृश्य: गंगापूर रोडवरचा एक हॉल. एका भिंतीला आरसे, फरशीवर चिकटवलेली पांढरी पट्टी.]

संध्याकाळचे सहा. पट्टीवरून चालायचं, टोकाला थांबायचं, वळायचं, परत यायचं. बघणाऱ्याला सोपं वाटतं. जरा खाली बघा. नव्या हील्सच्या तळाला सँडपेपर घासलेला आहे, गुळगुळीत मंचावर पाय सरकू नये म्हणून. खांद्यावर सॅश दोन सेफ्टी पिनांनी आतून टाचलाय, बाहेरून पिन दिसता कामा नये. ओठ कोरडे पडून दातांना चिकटू नयेत म्हणून दातांवर व्हॅसलीनचा हात फिरवलाय. तासभर हसत उभं राहायचं तर हे लागतं. एकीच्या टाचेला पट्टी आहे. तिने ती चापूनचोपून नीट केली आणि पुन्हा रांगेत लागली.

हॉलच्या बाहेर प्लास्टिकच्या खुर्च्यांवर आया बसल्या आहेत. फीचं बोलणं चाललंय, फोटोशूटचं, मुंबईच्या ऑडिशनला कोण सोबत जाणार याचं. पंचवटी एक्सप्रेसने सकाळी निघून रात्री परत, असं गणित. गाउनचं काय, हा प्रश्न प्रत्येकीला. त्यांना सुश्मिता सेनची गोष्ट धीर देते: 1994 च्या मिस इंडियाच्या वेळी तिचा गाउन दिल्लीच्या सरोजिनी नगरमधून आणलेल्या कापडाचा होता आणि तो शिवला होता गल्लीतल्या शिंप्याने. हातमोजे तर पायमोज्यांचे केले होते. त्याच वर्षी मनीलात ती मिस युनिव्हर्स झाली आणि नोव्हेंबरात ऐश्वर्या राय मिस वर्ल्ड.

[दृश्य: येवला. एका घरातला हातमाग.]

कापडाचा विषय निघालाच आहे, तर नाशिक जिल्ह्यात येवला सोडून पुढे जाता येत नाही. विणकर मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसलाय. ताण्यावर रंगीत रेशमाच्या छोट्या छोट्या कांड्या ओळीने लोंबताहेत. प्रत्येक रंगाची कांडी वेगळी. तो बोटांनी ताण्याचे धागे मोजतो, तेवढ्यातून हिरवी कांडी फिरवतो, ती सोडतो, लाल उचलतो, मग फणी ठोकतो. बोटभर मोराची मान भरायला किती वेळ जातो ते कॅमेऱ्याने नुसतं बघत राहावं. पदर उलटा केला तरी नक्षी तशीच. जड पदराच्या पैठणीला महिने लागतात.

हैदराबादच्या मिस वर्ल्डच्या वेळी जगभरच्या स्पर्धक तेलंगणातल्या पोचमपल्लीला गेल्या, तिथल्या विणकरांचे माग त्यांनी पाहिले. 2024 मध्ये मिस वर्ल्डची अंतिम फेरी मुंबईत झाली, तेव्हा येवला रस्त्याने काही तासांवर होतं. महाराष्ट्रात पुन्हा अशी स्पर्धा आली, तर पहिली बस येवल्याला जावी. हे मागणं आत्तापासून लावून धरायला हवं. पैठणी नेसून मंचावर जाणाऱ्या मुलीला ती कशी विणतात हे सांगता आलं पाहिजे, आणि त्यासाठी तिने आधी एक दुपार या मागापाशी काढली पाहिजे.

[दृश्य: धावण्याचा सराव करणाऱ्या मुली.]

आता मधू सप्रेबद्दल. नागपूरची मराठी मुलगी, खेळाडू. 1992 मध्ये बँकॉकला मिस युनिव्हर्सच्या शेवटच्या फेरीत तिला विचारलं, देशाची प्रमुख झालीस तर पहिलं काम काय करशील? ती म्हणाली, खेळासाठी मोठं संकुल बांधेन. त्या वर्षी नामिबियाची मिशेल मॅकलीन जिंकली, मधू तिसरी आली, आणि या उत्तराने मुकुट घालवला असं आजही बोललं जातं. गरीब देशाच्या मुलीने भुकेबद्दल बोलायला हवं होतं, मैदानाबद्दल नव्हे, अशी ती टीका.

हे उत्तर नाशिकमध्ये बसून ऐका. याच जिल्ह्यातल्या सावरपाडा या आदिवासी पाड्यातली कविता राऊत डोंगरवाटांवर धावत मोठी झाली. 2010 मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत तिने दहा हजार मीटरमध्ये कांस्यपदक मिळवलं, आणि त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत रौप्य. ‘सावरपाडा एक्सप्रेस’ हे नाव तिला लोकांनीच दिलं. मैदानाने, ट्रॅकने, एका प्रशिक्षकाने पाड्यावरच्या मुलीच्या आयुष्यात काय होतं, हे आम्हाला इथे दिसलंय. मधू सप्रे चुकली नव्हती. ती स्वतः जे जगली होती, तेच बोलली. परीक्षकांना ऐकायचं होतं दुसरंच.

2023 ची मिस युनिव्हर्स निकाराग्वाची शेनिस पालासिओस. सान साल्वादोरच्या मंचावर तिने शेवटचं उत्तर स्पॅनिशमध्ये दिलं, दुभाष्याने ते इंग्रजीत सांगितलं, आणि ती जिंकली. लॅटिन अमेरिकेतल्या मुली हे वर्षानुवर्षं करत आल्या आहेत. आमच्या क्लासमधून मात्र इंग्रजी उत्तरं घोकून घेतली जातात, आणि दुसऱ्याच वाक्यावर मुलगी अडखळली की तिला वाटतं आपल्याकडे सांगण्यासारखं काही नाहीच. तयारी मराठीत व्हायला हवी. विचार पक्का झाला की मग तो कुठल्या भाषेत सांगायचा ते ठरवता येतं.

[दृश्य: पुन्हा तोच हॉल. मुली गोल करून बसल्या आहेत. सराव मुलाखत.]

मधू सप्रेला विचारलेलाच प्रश्न. सिन्नरहून रोज येणारी एक मुलगी इंग्रजीत सुरू करते, ‘आय वुड लाइक टू…’ आणि थांबते. शिकवणाऱ्या ताई म्हणतात, ‘मराठीत सांग.’

‘एमआयडीसीत दुसऱ्या शिफ्टला जाणाऱ्या मुलींसाठी रात्रीची बस. माझी मावशी कामाला होती. शिफ्ट सुटली की शेअर रिक्षा मिळेपर्यंत फाट्यावर उभं राहायचं. शेवटी काम सोडलं तिने. प्रत्येक औद्योगिक वसाहतीत ही बस पहिल्या महिन्यात सुरू करेन.’

‘आणि पैसे कोण देणार?’

‘कारखान्यांनी अर्धे द्यायचे, ताई. दुसऱ्या शिफ्टला मुली त्यांनाच हव्या असतात ना? उरलेले अर्धे कुठून आणायचे तेही सांगू का?’

‘सांग,’ ताई म्हणतात, आणि घड्याळ बंद करतात.