ऐकण्याची मुभा, बोलण्याची मनाई

लघुलहरींच्या एका भागाची आडवी रेघ डोळ्यांसमोर आणा: ती १४.१५० मेगाहर्ट्झपासून सुरू होते आणि १४.३५० मेगाहर्ट्झला संपते. अमेरिकेतील हौशी रेडिओचालक, ज्यांना जगभर हॅम म्हणतात, ते दूरदेशीच्या हॅमशी आवाजात बोलण्यासाठी हा भाग वापरतात. ‘जनरल’ श्रेणीचा परवाना असलेल्या हॅमला त्यातील पहिले ७५ किलोहर्ट्झ बोलण्यासाठी बंद आहेत. एखाद्या दुर्गम बेटावरचे केंद्र तेथे हाका देत असेल, तर त्या हाका त्याच्या संचावर स्पष्ट ऐकू येतात आणि उत्तर देण्याइतकी ताकदही त्या संचात असते; परवानगी तेवढी नसते. ती हवी असेल, तर ५० प्रश्नांची ‘एक्स्ट्रा’ श्रेणीची परीक्षा उत्तीर्ण व्हावे लागते. परवान्यांच्या श्रेणी किती असाव्यात आणि परीक्षेत काय विचारावे, हा अमेरिकेतील जुना वाद समजून घ्यायचा असेल, तर त्याची सुरुवात या ७५ किलोहर्ट्झपासून करणे योग्य ठरेल.

हौशी रेडिओचालकांना परवाना बंधनकारक करणारा कायदा अमेरिकेत १९१२ साली, टायटॅनिक बुडाल्यानंतर काही महिन्यांतच आला. मोर्स संकेत, म्हणजे छोट्या आणि लांब ध्वनींनी अक्षरे पाठवण्याची लिपी, येणे ही तेव्हापासूनच अट होती आणि पुढे तिचा वेग मिनिटाला १३ शब्दांपर्यंत गेला. १९५१ साली आज ओळखीची वाटणारी श्रेणींची नावे आली. नवशिक्यांसाठी ‘नोव्हिस’ परवाना होता. त्याला मिनिटाला ५ शब्द पुरेसे होते, परंतु त्याची मुदत एकच वर्ष होती. सर्वांत वर असलेल्या ‘एक्स्ट्रा’साठी मिनिटाला २० शब्द लागत. मात्र १९५३ पासून ‘जनरल’ परवान्यालाच जवळजवळ सर्व अधिकार मिळाले आणि वरची परीक्षा देण्याचे व्यावहारिक कारण उरले नाही. शिडी उभी होती, पण तिच्या वरच्या पायऱ्या कोठेच जात नव्हत्या.

अमेरिकन रेडिओ रिले लीग या हॅमच्या मोठ्या संघटनेला ही स्थिती खटकली. तांत्रिक ज्ञान वाढायचे असेल, तर वरच्या परीक्षेला काही फळ असले पाहिजे, अशी मागणी तिने १९६३ साली फेडरल कम्युनिकेशन्स कमिशन या नियामक आयोगाकडे केली. कल्पना वाजवी होती. अंमलबजावणीने ती कडवट केली. नवे अधिकार निर्माण करण्याऐवजी जुन्यांकडचे काढून घेतले गेले. नोव्हेंबर १९६८ आणि नोव्हेंबर १९६९ अशा दोन टप्प्यांत लघुलहरींच्या पट्ट्यांमधील काही भाग ‘जनरल’च्या वरच्या ‘ॲडव्हान्स्ड’ आणि ‘एक्स्ट्रा’ या दोन श्रेणींच्या परवानाधारकांसाठी राखून ठेवण्यात आला. ज्या जागी आपण कित्येक वर्षे बोलत आलो, तेथे आता बोलण्यास मनाई आहे, हे हजारो ‘जनरल’ परवानाधारकांना कळले. या निर्णयामागचा हेतू चुकीचा होता असे मला वाटत नाही, परंतु दिलेले परत घेतल्याचा राग हॅमच्या एका पिढीने मनातून कधी काढला नाही. त्यानंतरच्या प्रत्येक बदलात आयोगाने कोणाचे हातचे अधिकार न काढण्याची जी काळजी घेतली, तिचे मूळ येथे शोधावे लागते.

मोर्सचा वाद याहून अधिक गाजला, कारण तो स्वाभिमानाचा होता. परीक्षेत पाच मिनिटे संकेत वाजत आणि परीक्षार्थी ते ऐकून अक्षरे लिहून काढी. ज्यांनी रात्र रात्र जागून १३ शब्दांचा टप्पा गाठला होता, त्यांच्या दृष्टीने ही अट म्हणजे हौसेच्या खरेपणाची कसोटी होती. विरोधकांचे म्हणणे साधे होते: जो केवळ बोलणार किंवा संगणकाद्वारे संदेश पाठवणार आहे, त्याला डिट आणि डा या मोर्सच्या छोट्या-लांब ध्वनींची परीक्षा कशासाठी? पण हा प्रश्न एकट्या अमेरिकेच्या हातात नव्हता. ३० मेगाहर्ट्झच्या खाली प्रक्षेपण करणाऱ्यास मोर्स यावा, असा आंतरराष्ट्रीय नियमच होता. त्यामुळे १९९१ साली मोर्सशिवायचा ‘टेक्निशियन’ परवाना आला, तेव्हा त्याला त्या सीमेच्या वरचेच पट्टे मिळाले. एप्रिल २००० मध्ये आयोगाने नव्या परवान्यांसाठी ‘टेक्निशियन’, ‘जनरल’ आणि ‘एक्स्ट्रा’ या चढत्या तीनच श्रेणी ठेवल्या आणि जेथे मोर्सची अट होती, तेथे तिचा वेग ५ शब्दांवर आणला. २००३ साली जिनिव्हा येथील जागतिक परिषदेने ही अट ठेवायची की नाही, हे ज्या त्या देशावर सोपवले, आणि २३ फेब्रुवारी २००७ पासून अमेरिकेत ती संपली. मोर्स मात्र संपला नाही. पट्ट्यांच्या खालच्या टोकाला आजही तो भरपूर ऐकू येतो, आणि सक्ती गेल्यावर केवळ आवडीने तो शिकणारेही आहेत.

आता टीकेचा रोख लेखी परीक्षेकडे वळला आहे. १९८४ पासून परीक्षा घेण्याचे काम स्वयंसेवी परीक्षकांकडे आले. प्रश्नसंच उत्तरांसह जाहीर असतो आणि परीक्षेत जितके प्रश्न, त्याच्या किमान दहापट प्रश्न त्यात असावे लागतात. ‘टेक्निशियन’च्या ३५ बहुपर्यायी प्रश्नांपैकी २६ बरोबर आले की परवाना मिळतो. अँटेनाची तार कधी हातात न घेताही पाठांतरावर हे जमते, ही तक्रार खोटी नाही. तिच्यावरचा उपाय म्हणून सुचवली जाणारी प्रात्यक्षिक परीक्षा मात्र घेणार कोण, तिचे निकष सर्वत्र सारखे कसे राहणार, आणि दूरच्या गावातील शाळकरी मुलगी त्यासाठी कोठे जाणार, याचे उत्तर तक्रार करणाऱ्यांकडे सहसा नसते.

श्रेणी कमी करण्याचा सोपा मार्गही सुचवून झाला आहे. ‘टेक्निशियन’ना ‘जनरल’मध्ये आणि ‘ॲडव्हान्स्ड’ना ‘एक्स्ट्रा’मध्ये परीक्षेविना सामावून घ्यावे, अशी मागणी लीगने २००४ साली केली होती. आयोगाने ती फेटाळली. म्हणून २००० पासून नवा ‘ॲडव्हान्स्ड’ परवाना मिळत नसला, तरी जुन्या धारकांचा वेगळा भाग आजही कायम आहे: १४.१७५ ते १४.२२५ मेगाहर्ट्झ. आपल्या रेघेवर तो सुरुवातीच्या ७५ किलोहर्ट्झच्या आतच दिसतो.

सर्वांत विचित्र अवस्था ‘टेक्निशियन’ची आहे. त्याला ८०, ४० आणि १५ मीटर लांबीच्या लघुलहरींच्या पट्ट्यांवर काही जागा आहे, पण तेथे त्याला फक्त मोर्सच पाठवता येतो, जो त्याच्याकडून आता कोणी तपासत नाही. त्याला या पट्ट्यांवर संगणकीय संदेश पाठवण्याची आणि काही ठिकाणी बोलण्याची मुभा द्यावी, अशी मागणी लीगने २०१८ साली केली. मग ‘जनरल’ची परीक्षा कोण देईल, हा आक्षेप लगेच आला. मला तो उलटा वाटतो. दूरदेशीचा आवाज एकदा स्वतःच्या अँटेनावर पकडून त्याला उत्तर दिलेला माणूसच ‘जनरल’च्या ३५ प्रश्नांचे पुस्तक उघडण्याची शक्यता अधिक आहे, केवळ शहरापुरते बोलणाऱ्या हातातल्या संचाने ती ओढ क्वचितच लागते.