आधी कंगवा, मग पाणी

नमस्कार श्रोतेहो. मांजराला काय खायला घालायचं, कुठे झोपवायचं, हे घरात मांजर असलेल्यांना मी सांगायला नको. आज बोलायचंय ते फक्त पर्शियन मांजराच्या केसांबद्दल. खरं तर विषय चार शब्दांचा आहे. आधी कंगवा, मग पाणी. सव्वीस वर्षं जनावरांचा दवाखाना चालवून मी एवढंच शिकलो म्हणा ना. पण मला अण्णांची गोष्ट सांगायचीच आहे, म्हणून हे भाषण.

त्याआधी केसांचं थोडक्यात. साध्या मांजराचा केस ठरावीक लांबीला आला की 'आता पुरे' असा निरोप त्याला मिळतो. निरोप देणारं जनुक म्हणजे एफजीएफ-५. लांब केसांच्या मांजरात तेच बिघडलेलं असतं, त्यामुळे केस वाढत राहतो, चार-पाच इंचांपर्यंतसुद्धा. हा बिघाड आई आणि बाप दोघांकडून यावा लागतो. म्हणून आखूड केसांच्या जोडप्याला एखादं झुबकेदार पिल्लू झालं, तर लगेच शेजारच्या बोक्यावर आळ घेऊ नका. लांब केसांच्या खाली मऊ, दाट लव असते. ती गळते, पण बाहेर पडायला वाट नसते. तिथेच अडकते आणि गुंता होतो. गुंत्याची जट होते. बाजारात हल्ली 'ट्रिपल कोट' म्हणून पिल्लाचे जादा पैसे घेतात. मला त्या शब्दामागे दाट केसांपलीकडे कधी काही दिसलं नाही, पण ते असो.

तर अण्णा. सदाशिव पेठेतला जुना वाडा, मुलगा-सून आणि पर्शियन बोका. पांढराशुभ्र, म्हणून नाव कापश्या. मला हे नाव फार आवडलं. नाहीतर रोज चार तरी सिंबा येतात दवाखान्यात, आणि एकाने हाक मारली की चौघे बघतात. मुलगा-सून लग्नासाठी नागपूरला गेले, तिथून पुढे फिरायला. तीन आठवडे कापश्या अण्णांच्या ताब्यात. कंगवा कुठे ठेवलाय हे सांगायचं सूनबाई विसरल्या.

आठवड्याभरात काखेत गाठी आल्या. अण्णांनी विचार केला, केस म्हटले की तेल. खोबरेल कोमट करून बोक्याला चांगली चंपी केली. कापश्या रात्रभर ते तेल चाटत बसला. सकाळी जुलाब. मागच्या पायांचे झुबके भरले, म्हणून अण्णांनी शिकेकाई लावून दोन बादल्या पाण्याने न्हाऊ घातलं. आणि पोटाला आराम म्हणून वाटीभर दूध! मोठ्या मांजरांना दूध सहसा पचत नाही हो. साय खाणारी मांजर गोष्टीत ठेवा.

ओल्या गाठी वाळताना आवळत गेल्या. अण्णांनी कापश्याला माझ्या टेबलावर ठेवला तेव्हा पोटाखालून शेपटीपर्यंत एकच नमदा झाला होता. बोट घालायला फट नव्हती. पाय टाकला की कातडी ओढली जायची, म्हणून तो बिचारा चालतच नव्हता.

मी म्हटलं, "अण्णा, तेल कशाला लावलंत?"

"डॉक्टर, आमच्या हिचे केस गुडघ्यापर्यंत होते. चाळीस वर्षं खोबरेलच. कधी गुंता नाही."

"पण वहिनी ते तेल चाटत नव्हत्या ना?"

अण्णा हसले. मग चष्मा काढून पुसत बसले.

घरी कात्री चालवली नाही, हे मात्र अण्णांचं नशीब. मांजराची कातडी पातळ असते. जट उचलली की तिच्याबरोबर कातडीही वर येते आणि कात्रीत सापडते. अशा जखमा मी पुष्कळ शिवल्यात. कात्री नाही, पुन्हा सांगतो, कात्री नाही. कापश्याला बेताची भूल दिली, नाक चपटं असल्याने तीही जपून, आणि मशीनने सगळं उतरवलं. नमदा अखंड निघाला, जेवणाच्या ताटाएवढा. खाली कातडी लाल, ओलसर. उघडाबोडका कापश्या बघून अण्णा म्हणाले, "जावळ काढलंत की!"

असे केस पूर्ववत व्हायला सहा महिने लागतात, कधी वर्षही. म्हणून उन्हाळा आला की हौसेने मांजर भादरणाऱ्यांवर मी चिडतो. रोज विंचरलेली झूल त्याला त्रास देत नाही. सावली आणि पंखा पुरे.

रोज दहा मिनिटं. स्टीलचा, रुंद दातांचा कंगवा. ब्रश वरवर फिरतो, खालची लव तशीच राहते. कंगवा कातडीपर्यंत पोचला पाहिजे. कानामागे, काखेत, पोटावर, जांघेत. गाठ सापडली तर मुळाशी केस चिमटीत धरून टोकाकडून सोडवा. सगळा गुंता सुटल्यावर आंघोळ. आधी कंगवा, मग पाणी. अंगावर गोल टक्कल दिसलं तर गजकर्ण असू शकतं, ते माणसालाही लागतं, दाखवून घ्या.

जाता जाता, ही मांजरं युरोपात नेण्याचं श्रेय ज्याला देतात तो इटालियन प्रवासी पिएत्रो देल्ला वाल्ले १६२३ साली आपल्या गोव्यातही येऊन गेला होता. विषयाशी संबंध एवढाच.

अण्णा आता सकाळचं बातमीपत्र लागलं की कापश्याला मांडीवर घेतात. बातम्या संपेपर्यंत विंचरणं संपतं. कंगवा सदऱ्याच्या खिशात, पेनाशेजारी. अण्णा, हे ऐकत असाल तर एक राहिलं. मागच्या वेळी शेपटीच्या बुडाशी डाव्या बाजूला बारीक गाठ लागली होती. तिथे तुमचा हात पोचत नाही. त्याला जरा उलटा धरा.