पाठमोऱ्या बाईचं काय करायचं?

मंडळी, वरलिया रंगाला भुलू नये हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. ऐतिहासिक कादंबऱ्यांतलं वर्षातलं सर्वोत्तम मुखपृष्ठ निवडायला बसायचं, म्हणजे नेमकं तेच काम रीतसर अंगावर घ्यायचं. मी ते काही वेळा केलंय. एकदा चांगलाच फसलोय. ते शेवटी सांगतो.

निवडीसाठी आलेली पुस्तकं टेबलावर मांडली की पाच मिनिटांत लक्षात येतं, बऱ्याच बायका आपल्याकडे पाठ करून उभ्या आहेत. कुणी समुद्राकडे बघतेय, कुणी किल्ल्याच्या फाटकाकडे, कुणी नुसतीच धुक्यात. मखमली झगा, वर बांधलेले केस, मानेवर सुटलेली एक बट. ज्या आपल्याकडे तोंड करून आहेत त्यांचं मस्तक हनुवटीपाशी कापलेलं. एका सहकाऱ्यानं अशा पुस्तकांचा ढीग वेगळा केला आणि म्हणाला, ‘‘हा शिरच्छेद विभाग.’’

हे येतं कुठून? छायाचित्रणाचं तंत्र जगापुढे जाहीर झालं १८३९ साली. त्याआधीच्या काळातल्या माणसांचे फोटो जवळपास नाहीतच. मग सोळाव्या शतकातल्या नायिकेसाठी आजची मॉडेल बोलवायची, भाड्याचा झगा चढवायचा आणि फोटो काढायचा. झगा सोळाव्या शतकातला मिळतो, चेहरा मिळत नाही. कोरलेल्या भुवया, एकसारखे दात आणि मुख्य म्हणजे कॅमेऱ्याकडे बघायची सवय. आपला चेहरा आपलं साल सांगून टाकतो. म्हणून तो वळवायचा किंवा कापायचा. ज्यानं हे पहिल्यांदा केलं त्याच्या हुशारीला दाद द्यायला हवी. शंभराव्या वेळी मात्र ती पाटी होते, ‘येथे ऐतिहासिक कादंबऱ्या मिळतील’.

प्रकाशकाला पाटीच हवी असते आणि त्यात त्याचं काही चुकत नाही. हल्ली मुखपृष्ठ पहिल्यांदा दिसतं ते मोबाइलच्या पडद्यावर, अंगठ्याच्या नखाएवढं. तेवढ्यात वाचकाला कळलं पाहिजे की हे आपल्या आवडीचं पुस्तक आहे. पण बक्षीस पाटीला द्यायचं नसतं. माझी पहिली चाचणी साधी आहे. शीर्षकावर तळहात ठेवायचा आणि विचारायचं, टेबलावरच्या दुसऱ्या चार कादंबऱ्यांना हे चालेल का? चालत असेल, तर पुस्तक बाजूला.

यानंतर समितीत भिंगवाले जागे होतात. मीही त्यातलाच. एकदा एका पाठमोऱ्या राणीच्या चोळीची नाडी धातूच्या कड्यांतून ओवलेली होती. धातूची ही कडी, म्हणजे आयलेट्स, कपड्यांत आली १८२० च्या दशकात, आणि ही राणी त्याच्या तीनशे वर्षं आधीची. तिच्या काळात भोकं सुईदोऱ्यानं काठ शिवून करत. अक्षरांचंही तसंच. प्राचीन म्हटलं की ट्रेजन हा फॉन्ट लावतात. रोममधल्या सम्राट ट्रेजनच्या स्तंभावर इसवी सन ११३ मधला शिलालेख आहे, त्याच्या अक्षरांवरून कॅरोल ट्वॉम्ब्ली यांनी १९८९ मध्ये तो घडवला. फॉन्ट देखणाच आहे. पण त्या शिलालेखाच्या काळी रोमन लिपीत जे, यू आणि डब्ल्यू ही अक्षरंच नव्हती. ती आजच्या गरजेपोटी नव्यानं घडवली. सिनेमाच्या पोस्टरांवर तर हा फॉन्ट इतका झाला, की मला तो बघून रोम नाही, पॉपकॉर्न आठवतं.

अशा चुकीमुळे पुस्तक बाद करावं का? इथे माझं समितीतल्या काहींशी वाजतं. मी बघतो की मुखपृष्ठ दावा काय करतंय. फोटो म्हणतो, ‘हे असंच होतं.’ मग त्यानं आयलेटचा जाब दिलाच पाहिजे. पण कुणी कागद कातरून, चार रंगांत, उघड उघड आजच्या हातानं चित्र केलं असेल, तर त्यानं तसा शब्द दिलेलाच नाही. त्याला बटणं मोजायला लावणं हा आपला आगाऊपणा.

ऐतिहासिक कादंबरीकार वॉल्टर स्कॉट यांच्या नावाचं जे पारितोषिक २०१० पासून दिलं जातं, त्याच्यासाठी कादंबरीतला बराचसा काळ निदान साठ वर्षांपूर्वीचा लागतो. या हिशेबानं १९६० चं दशकही आता हळूहळू इतिहासात जमा होतंय. तिथे फोटो हक्काचा. पण आपण करतो काय, तर त्याला तपकिरी छटा देतो, कडा पिवळ्या करतो. त्या माणसांना त्यांची सकाळ तपकिरी दिसत नव्हती हो.

जुन्या चित्रांचा मार्ग राहतो. मोठ्या संग्रहालयांनी संग्रह खुले केले, न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटननं २०१७ मध्ये पावणेचार लाखांवर प्रतिमा मोफत दिल्या. परिणाम असा की तीच सात-आठ सुंदर तोंडं फिरून फिरून भेटतात. चित्र घ्यायला हरकत नाही, पण घेताना त्यातलं काय घेतलं? चित्रकार हॉल्बाइनचं १५३३ सालचं ‘द अँबॅसिडर्स’ घ्या. दोन रुबाबदार राजदूत, फर, रेशीम, आणि पायाशी ती प्रसिद्ध तिरकी कवटी. कुणीही राजदूत घेईल, जरा चलाख असेल तो कवटी घेईल. पण खालच्या फळीवर एक ल्यूट, म्हणजे जुनी तंतुवीणा, आहे आणि तिची एक तार तुटलेली आहे. धर्मावरून दुभंगत चाललेल्या काळातलं चित्र, आणि त्यात ही तार. दरबारी फितुरीच्या कादंबरीवर कुणी फक्त तेवढा तुकडा लावला, बाकी सगळा काळोख ठेवला, तर माझं मत त्याला. असं मुखपृष्ठ अजून माझ्या टेबलावर आलेलं नाही.

आता फसल्याची गोष्ट. एका वर्षी एक जहाज आलं होतं. वादळ, फाटलेलं शीड, कागदावर उठवलेली सोनेरी अक्षरं. बोट फिरवलं तर लाटा हाताला लागायच्या. मी पूर्ण गुण दिले, बाकीच्यांनाही पटवलं आणि बक्षीस जाहीर झालं. कादंबरी मी वाचली नंतर. साडेचारशे पानांत ते जहाज बंदरातून हलत नाही. सगळी कथा वाट बघण्याची आहे. खलाशांचे पगार थकतात, दोरखंड कुजतात, धक्क्यावरची बाई रोज येऊन परत जाते. वादळ नावालासुद्धा नाही.

समारंभात चित्रकार भेटला. मी जरा आडून विचारलं, पुस्तक कसं वाटलं? तो म्हणाला, ‘‘मला दोन परिच्छेदांचा सारांश आला होता. त्यात जहाज होतं. पुस्तक छापून झाल्यावर प्रत मिळाली. तेव्हा वाचलं.’’ मग थोडा थांबून म्हणाला, ‘‘आधी मिळालं असतं तर नुसता दोरखंड काढला असता.’’